नेसणे आणि घालणे

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "आपला पारंपरिक पोशाख" या विषयावर काही लिहावे, असे संपादिकाबाईंनी मला सुचविले. विषय ऐकून प्रथम वाटले, यात नवे लिहावयाचे ते काय? लुगडे, धोतर, पगडी, उपरणे एवढी नावे सांगितली की लेख झाला. पण प्रत्यक्ष लिहावयास बसले तेव्हा एका साध्या शब्दापाशी अडले, आणि तो शब्दच या लेखाचा विषय होऊन बसला. तो शब्द म्हणजे "नेसणे".

आपल्या भाषेची गंमत पाहा. सदरा, कोट, झंपर आपण घालतो. फेटा आणि पागोटे बांधतो. शाल पांघरतो, उपरणे खांद्यावर घेतो. पण लुगडे आणि धोतर मात्र आपण नेसतो. या शब्दात बाई-पुरुष असा भेद नाही, गरीब-श्रीमंत असाही नाही. जे वस्त्र शिंप्याच्या हाताखालून आले ते घालावयाचे, आणि जे मागावरून सरळ उतरले, ज्याला सुई लागलीच नाही, ते नेसावयाचे. म्हणजे कापडाला आकार देण्याचे काम नेसणाऱ्याने स्वतःच्या हातांनी रोज सकाळी करावयाचे. रात्री ते सोडले की पुन्हा ते नुसते लांबलचक कापड.

अलीकडे तरुण मुली "आज मी नऊवारी घातली" असे सर्रास म्हणतात. त्यांचे व्याकरण चुकले असे कोणी म्हणू नये. त्यांची नऊवारी खरोखरीच शिवलेली असते. पायजम्यासारखी चढवावयाची, कमरेला नाडी किंवा हूक लावावयाचा, पदर खांद्यावर टाकावयाचा की झाले. शब्द बदलला तो वस्तू बदलली म्हणून. मात्र या एका शब्दाच्या बदलामागे मुंबईचा दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो आपल्या गिरगाव, परळ, लालबाग, दादरच्या रस्त्यांवरच घडलेला असल्यामुळे आपल्या भगिनींना तो सांगावा असे वाटते.

न शिवलेले वस्त्र नेसण्याची चाल फार जुनी. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यांत चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसे कमरेला वस्त्र गुंडाळलेली आणि पुरुष डोक्याला वस्त्र बांधलेले दिसतात. शिवलेल्या कपड्यांची ओळख आपल्याकडे नव्हती असे नाही. अंगरखा, बाराबंदी, चोळी हे सगळे शिवलेलेच. पण कमरेखालचे वस्त्र शतकानुशतके बिनशिवणीचे राहिले. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे विख्यात प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय पोशाखावर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. यावरून विषय किती मोठा आहे याची कल्पना यावी. मला त्यातला आपल्या अंगणापुरताच भाग सांगावयाचा आहे.

प्रथम पुरुषांचे पाहू, कारण बदलले प्रथम तेच. एकोणिसाव्या शतकातल्या गिरगावात घरंदाज पुरुष म्हणजे धोतर, अंगरखा, खांद्यावर उपरणे आणि डोक्यावर पगडी. नाना शंकरशेट १८६५ साली वारले. टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. तो पाहिला की त्या काळचा भारदस्त पोशाख डोळ्यांसमोर उभा राहतो. गिरगाव चौपाटीवर १९२० साली जेथे लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले, तेथला त्यांचा पुतळाही पगडीतलाच आहे. पगड्यांचे प्रकार तरी किती! पुणेरी वेगळी, शिंदेशाही वेगळी, पाठारे प्रभूंची वेगळी. डोक्याकडे पाहून माणसाची जात, गाव आणि धंदा ओळखावा, असा तो काळ होता. पागोटे रोज बांधावे लागे. पगडी पगडबंदाकडून तयार बांधून घेतली की नुसती डोक्यावर ठेवावयाची. म्हणजे पुरुषांनी डोक्यापुरता तरी "बांधण्या"चा त्रास फार पूर्वीच संपविला होता!

पुढे शाळा, रेल्वे, सरकारी कचेऱ्या आल्या. प्रथम धोतरावर कोट आला, पगडी जाऊन काळी टोपी आली, मग धोतर जाऊन पाटलोण आली, आणि शेवटी डोके उघडे झाले. पांढरी टोपी आज डबेवाल्यांनी तेवढी नेमाने सांभाळली आहे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गिरगावात आज "पगडी" म्हटले की लोकांना जागेचीच पगडी आठवते. धोतर उरले ते मुंजीत, लग्नात आणि सत्यनारायणाला, आणि तेही बहुधा शिवलेले. लालबागच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीला खऱ्या कापडाचे पीतांबर नेसविण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. त्या दहा दिवसांत नीट निऱ्या काढलेले धोतर पाहावयाचे असेल तर गणपतीचेच पाहावे, अशी स्थिती आहे.

येथे एक गोष्ट मला मुद्दाम नमूद करावीशी वाटते. पुरुषांनी धोतर सोडले तेव्हा परंपरा बुडाली म्हणून घरोघर फारशी रड झाली नाही. सोय, नोकरी, काळ ही कारणे त्यांना पुरली. तीच कारणे बाईने पुढे केली की मात्र चार माणसे गोळा होत. परंपरेचे ओझे वाटण्यात न्याय कधीच नव्हता. त्यातला जड भाग नेहमी पदराला बांधला गेला.

आता लुगड्याकडे वळू. लुगडे नऊ वारांचे, म्हणजे अठरा हातांचे. आजच्या मापाने सव्वाआठ मीटरच्या आसपास. लग्नाची पैठणी पैठणची किंवा येवल्याची, रोजचे लुगडे इरकली, नागपुरी, शहापुरी किंवा महेश्वरी, संक्रांतीला काळी चंद्रकळा, आणि वर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. या प्रत्येकाची घडण निराळी. इरकली लुगड्याचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याशी धाग्यात धागा अडकवून जोडलेला असतो.

नेसण्याची रीत जाणत्या भगिनींना सांगावयास नको, पण नव्या मुलींसाठी थोडक्यात लिहिते. कमरेभोवती वस्त्र घेऊन घट्ट गाठ मारावयाची. एका अंगाचा पदर काढून घ्यावयाचा. उरलेल्या कापडाच्या निऱ्या पुढे खोचावयाच्या आणि त्यांचे खालचे टोक दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेशी कासोटा घालावयाचा. ना परकर, ना नाडी, ना टाचणी. सगळा भार एका गाठीवर. ओचा नीट धरला की त्यात भाजी राहते, पैसे राहतात, सुवासिनीची ओटीही राहते. कासोट्याच्या या नेसणीला सकच्छ म्हणत आणि कासोट्याविना गोल नेसण्याला विकच्छ.

नऊवारी लढाईसाठी जन्मली, घोड्यावर बसण्यासाठी निघाली, असे भाषणांतून पुष्कळदा ऐकू येते. ऐकावयास ते बरे वाटते. पण कासोटा ही काही एकट्या मराठ्यांची मिरास नव्हे. शेजारच्या माटुंग्यास जाऊन पाहा. तेथल्या तामिळ ब्राह्मण कुटुंबांतील वृद्ध स्त्रिया लग्नकार्यात नेसतात ते मडिसारही नऊ वारांचेच आणि कासोट्याचेच असते. माझ्या मते कासोट्याचे खरे कारण लढाईपेक्षा रोजच्या कामात शोधावे. भाताच्या चिखलात उतरणारी कोकणातली कुणबीण लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट आवळून नेसे. माशांची पाटी डोक्यावर घेऊन झपाझप चालणारी कोळीण तसेच नेसते. दोन्ही पाय मोकळे, दोन्ही हात मोकळे, आणि वाकले-बसले तरी अंग झाकलेले. ज्या बाईला दिवसभर राबावयाचे तिचे हे वस्त्र.

आणि मुंबईत राबण्याचे मोठे ठिकाण म्हणजे गिरण्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली व १८५६ साली ती ताडदेवला चालू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी येथे गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांचे काम मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. माझी आजी लालबागच्या चाळीतून रोज अशाच एका गिरणीत रिळिंगला जात असे. भोंगा होण्यापूर्वी स्वयंपाक आटोपून, लुगडे गुडघ्याखाली चार बोटे येईल असे नेसून, पदर कमरेला खोचून ती निघे. ती म्हणे, "यंत्रापाशी लोंबता पदर आणि सैल बाई दोन्ही कामाची नाहीत." लुगड्याचे सौंदर्य वगैरे शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. ती लुगड्याची पारख गाठ किती घट्ट बसते यावरून करी. घरात बायका गिरणीत सूत काढीत, पुरुष साच्यावर धोतरजोड्या विणीत, आणि तेच कापड आपल्याच अंगावर येई. हाताने विणणे आणि हाताने नेसणे यांमध्ये आमच्या चाळीत एका भिंतीचेच अंतर होते.

परंतु नेसण म्हणजे सगळे गोडच होते, असे मी म्हटले तर ते खोटे होईल. कोणी कसे नेसावे हे समाज ठरवी, आणि तेथे बाईच्या सोयीचा विचार नव्हता. अनेक घरांत विधवा झालेल्या मुलीच्या अंगावरची चोळी आणि रंगीत लुगडे जाऊन लाल आलवण येई आणि केस उतरविले जात. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या केसांवर वस्तरा चालवावयाचा नाही असा निर्धार केला. ही गोष्ट आपल्या शहराला भूषणावह आहे.

जातीचेही तसेच. खालच्या मानलेल्या जातींतल्या स्त्रियांनी लुगडे किती वर नेसावे, अंगावर कोणत्या धातूचे दागिने घालावे, याच्या अलिखित मर्यादा होत्या. परळच्या पोयबावडीतील चाळीत ज्यांची अनेक वर्षे गेली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेस गेले असता त्यांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे मुद्दाम वेगळे भाषण केले. जुन्या नेसणीवरून आणि जड दागिन्यांवरून जर तुमची जात ओळखली जात असेल तर ती नेसण टाका आणि लुगडे पायघोळ नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. स्त्रियांनी ते लगेच मनावर घेतले. चित्रे आणि टिपणीस या सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नवी नेसण दाखविण्यास मदत केली. भगिनींनो, जरा विचार करा. कापड तेच, वार तेच, बाईही तीच. फक्त नेसण चार बोटे खाली आली, आणि एवढ्यावरून माणुसकीचा दावा उभा राहिला. आपल्या हातांनी आपल्या वस्त्राला आकार देणे याचा याहून मोठा अर्थ मला तरी ठाऊक नाही.

स्वदेशीच्या चळवळीतही कापडच पुढे होते. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते परदेशी कपड्यांची प्रचंड होळी झाली. पुढे दोनच महिन्यांत गांधीजींनी स्वतःचा पोशाख आखूड पंचावर आणला. १९३० साली मुंबईत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. देशसेविका केशरी साड्या नेसून परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधन करीत. अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या बाईंनी तर चरख्यालाच वाहून घेतले होते. स्वतः कातलेल्या सुताची धोतरे त्या गांधीजींना पाठवीत. त्याच साली १२ डिसेंबरला काळबादेवीला परदेशी कापडाने भरलेली मोटार अडविताना बाबू गेनू हा गिरणी कामगार तिच्याखाली चिरडून मेला. कापड विणणाऱ्या माणसाने कापडासाठीच प्राण द्यावा, हे मुंबईतच घडावयाचे.

आता पाचवारीची, म्हणजे गोल साडीची कथा. पाचवारी ही बाहेरून आलेली आणि नऊवारी तेवढी आपली, असे समजण्याची चाल आहे. पण या नव्या नेसणीच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान मुंबईतच लिहिले गेले. १८६४ साली सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीत रुजू होऊन मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी येथे पारशी कुटुंबात राहिल्या. पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची तऱ्हा त्यांनी पाहिली, तिच्यात स्वतःची भर घातली, आत परकर व वर झंपर घेतला, आणि ही नेसण बंगालात नेली. तिकडे तिला मुंबईची रीत असेच नाव पडले. विशेष म्हणजे, ज्यांना ही नेसण शिकावयाची असेल त्यांना आपण शिकवू, असे त्यांनी एका बंगाली मासिकातून जाहीरही केले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी मला तिच्याकडे यावयाचे आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यास अमेरिकेला गेल्या. तिकडच्या थंडीत नऊवारी नेसणीने पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. धर्म त्यांनी सोडला नाही, देशी वस्त्रही सोडले नाही. नेसण मात्र गरजेप्रमाणे बदलली. कोकणातल्या कुणबिणीने चिखलासाठी केले तेच आनंदीबाईंनी बर्फासाठी केले.

नेसणीला रंगभूमीनेही वळण लावले. बालगंधर्वांनी १९१३ साली स्वतःची नाटक मंडळी काढली. त्यांची उंची लुगडी, शालू, पदर घेण्याची ढब, केसांतली फुले पाहावयास बायका नाटकाला जात आणि घरी येऊन तसे करून पाहत. बायकांना नेसावयाचे वळण एका पुरुष नटाने लावावे, हा आपल्या इतिहासातला गमतीचा प्रसंग आहे.

तरीही लग्न झालेल्या बाईने नऊवारीच नेसावे हा दंडक मराठी घरांत बराच काळ टिकला. तो मोडला तो महायुद्धाच्या टंचाईत आणि नोकरीच्या धावपळीत. १९४३ साली सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणले. कापडासाठी रांगा लागल्या. नऊ वारांच्या जागी पाच वार भागत असतील तर चार वार वाचतात, हा हिशेब करावयास शिक्षण लागत नाही. माझी आई सांगे की, तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या त्याच आजीने, तिला पाचवारीची परवानगी दिली ती सुधारणेच्या प्रेमाने नव्हे, तर एका लुगड्याच्या कापडात जवळजवळ दोघींचे भागते म्हणून! पुढे मुली ट्राममधून, आगगाडीतून कचेरीत जाऊ लागल्या. पाचवारी झटपट नेसता येई, घरी धुता-वाळविता येई. चाळीच्या गॅलरीत नऊ वार वाळत घालावयाचे म्हणजे शेजारणीच्या दारापर्यंत पोचावयाचे, हेही एक कारण होतेच. नऊवारी वृद्धांची झाली, पाचवारी सुनांची झाली. मग नायलॉन आले, पंजाबी ड्रेस आला, आणि शेवटी गाऊन आला. तो घालून दारात जावयाचे तर वर ओढणी घ्यावयाची. म्हणजे पदराची सवय अंगातून अजून गेलेली नाही.

धोतराचेही दिवस सरकारी कागदावर भरले. हातमागाला काम मिळावे म्हणून डिसेंबर १९५२ मध्ये सरकारने गिरण्यांवर बंधन घातले की, मागच्या वर्षाच्या सरासरीच्या ६० टक्क्यांहून अधिक धोतरे विणावयाची नाहीत. पुढच्याच वर्षी जादा धोतरांवर करही बसला. हेतू चांगलाच होता. पण तोवर धोतर नेसणारेच मुंबईत कमी होऊ लागले होते.

आणि मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस आला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाची अखेर कशी झाली हे परळ-लालबागच्या घरांना मी सांगण्याची गरज नाही. एकेक भोंगा बंद पडला. मुले शिकता शिकता कामाला लागली, कित्येक कुटुंबे गावी परतली, बायकांनी खानावळी चालवून घरे सांभाळली. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी आज मोठा मॉल आहे. जेथे कापड विणले जाई तेथे आता शिवून तयार झालेले कपडे विकले जातात. विणणाऱ्यांचे हात थांबले, आणि पाठोपाठ नेसणाऱ्यांचेही.

आज गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत शेकडो मुली नऊवारीत, नथ आणि फेटा लेवून, मोटारसायकलवरून जाताना दिसतात. ते पाहून मला आनंदच होतो. जे वस्त्र आमच्या आयांना म्हातारपणाचे आणि मागासलेपणाचे वाटू लागले होते, ते या मुली मिरवीत आहेत. दादरच्या दुकानांत शिवलेल्या नऊवारीला पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी अशी भारदस्त नावे आहेत. ही नावे दुकानदारांची आहेत, इतिहासाची नव्हेत, एवढे समजून घ्यावे म्हणजे झाले. शिवलेल्या नऊवारीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. घाईच्या दिवशी ती उपयोगी पडते, मंगळागौरीच्या स्पर्धेत सुटण्याची भीती नसते. पगडीही शेवटी तयार पागोटेच होती!

पण एक फरक आहे, आणि तोच मला सांगावयाचा आहे. शिवलेली नऊवारी एका मापाची असते. ती ज्या बाईसाठी शिवली तिलाच होते, आणि तिचे अंग भरले की तिलाही होत नाही. न शिवलेले लुगडे आजीचे नातीला होते, जाडीचे बारकीला होते, गरोदर बाईला होते, बाळंतिणीला होते. फाटले तर त्याची गोधडी होते, बाळाची झोळी होते, दुपटे होते. त्याच कापडाची चिखलातली नेसण वेगळी, देवघरातली वेगळी, यंत्रापाशी वेगळी. ते बाईला एका साच्यात बसवीत नाही. बाईच त्याला आपल्या कामाप्रमाणे, आपल्या इच्छेप्रमाणे, आणि महाडला घडले तसे आपल्या स्वाभिमानाप्रमाणे वळण देते. ही विद्या पुस्तकात सापडत नाही. ती हातात असते, आणि ज्यांच्या हातात ती आहे त्या आपल्यातल्या बहुतेक जणी आता सत्तरीच्या पुढे आहेत.

या सर्व इतिहासावरून मला असे वाटते की, परंपरा म्हणजे नऊ वार नव्हेत, तसे पाच वारही नव्हेत. आपल्या बायकांनी प्रत्येक पिढीत नेसण बदलली, कधी पोटासाठी, कधी मानासाठी, कधी टंचाईमुळे. टिकले ते एवढेच की, बदल करण्याचे कसब त्यांच्या स्वतःच्या हातात होते. ते कसब गेले की मग दुकानदार देईल ते घालावयाचे, एवढेच उरते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. ज्ञानदानंदिनीदेवींनी मासिकातून जाहीर केले, तसे आपणही या स्मरणिकेतून जाहीर करू या. येत्या श्रावणात मंगळागौरीच्या खेळांच्या आधी चार शनिवार दुपारी आपल्या सभागृहात नेसण शिकण्याचा वर्ग भरवावा. फी नको, स्पर्धा नको, बक्षीस नको. घरातली जुनी लुगडी पेटीतून बाहेर काढावी. घाटावरची नेसण घाटावरच्या भगिनींनी दाखवावी, कोकणातली कोकणच्यांनी, आणि कोळीवाड्यातल्या मैत्रिणींना अगत्याने बोलवावे, कारण रोज नेसणाऱ्या आता त्याच आहेत. शेजारच्या माटुंग्याच्या मामींनी मडिसार दाखविले तर दुधात साखर. मुलींनी मोबाइलवर चित्रण जरूर करावे, पण गाठ मात्र स्वतःच्या हाताने मारून पाहावी. पहिल्या दिवशी सुटेल, दुसऱ्या दिवशी सैल बसेल, चौथ्या शनिवारी फुगडी घालूनही सुटणार नाही. मुलग्यांना आणि जावईबापूंना धोतर शिकावयाचे असेल तर त्यांनाही मज्जाव नसावा. त्यांची परंपरा आपण किती दिवस एकट्यांनी सांभाळावी?

माझ्याकडे आजीचे एक इरकली लुगडे आहे. काठ विरले आहेत, पण नऊ वार शाबूत आहेत. पहिल्या शनिवारी सरावासाठी ते घेऊन यावयाचे मी कबूल करते. इतर भगिनींनीही आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.